जुन्या गाडीच्या टाकीत पाणी: बाटली विकायची की टाकी धुवायची?

बारामती-इंदापूर भागात गॅरेज किंवा ऑटो पार्ट्सचं दुकान टाकायचं मनात असेल, तर हे नीट वाचा.

सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती. आपल्याला साखर कारखाने काही नवीन नाहीत. उसाचा रस आणि मळीपासून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये असतं. 2022 मध्ये देशात 10 टक्के मिश्रण झालं, 2025 मध्ये ते 20 टक्क्यांवर गेलं. पण तुमच्या दारात गाडी येणार ती दहा-पंधरा वर्षं जुनी, लोखंडी टाकीची.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये विरघळून इंजिनात जळून जातं, काही बिघडत नाही. प्रमाण वाढलं की मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पंप पेट्रोल ओढतो तळाजवळूनच! मग गाडी झटके देते, बंद पडते. टाकी आतून गंजते ते वेगळंच.

पाणी येतं कुठून? झाकणाचं रबर कडक होऊन चिरतं आणि पावसाचं पाणी आत झिरपतं. प्रेशरने गाडी धुताना जातं. कॅनमधून पेट्रोल आणलं तर त्यातूनही येतं. गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी असेल तर हवेतला दमटपणा भर घालतो.

आता बाटलीचं. 'पाणी काढणारं' म्हणून जी औषधं मिळतात, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत अल्कोहोलच असतं. जे काम इथेनॉल आधीच करतंय, त्यावर गिऱ्हाइकाने पुन्हा पैसे का द्यायचे? थर एकदा वेगळा झाला की बाटलीभर औषधाने तो परत मिसळत नाही. पेट्रोल खराब होऊ नये म्हणून मिळणारं स्टॅबिलायझर उभ्या गाडीला उपयोगी आहे, पण तेही पाणी काढत नाही. मार्जिन चांगलं मिळतं हे मला माहीत आहे, तरी हा माल पुढे करू नका. आठ दिवसांनी तीच गाडी तुमच्याच दारात बंद पडेल आणि गावभर नाव तुमचं होईल.

विकायची ती तपासणी. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि खाली थर दिसतो का ते गिऱ्हाइकाला स्वतः बघू द्या. काही जण बाटलीत वरून पाणी ओततात आणि तळाचा थर वाढला की 'पंपवाल्याने पाणी मिसळलं' म्हणतात. तो वाढलेला भाग इथेनॉलचा असतो, हे शांतपणे समजावून सांगा.

थर असेल तर टाकी पूर्ण रिकामी करणं, धुणं, वाळवणं, फिल्टर आणि झाकणाचं रबर बदलणं, एवढ्याचा एकच दर लावा. जुन्या गाडीचे रबरी पाइपही याच वेळी बघा, इथेनॉलने ते फुगतात. बॅटरीची वायर आधी काढा, विडी-सिगारेट लांब. काढलेलं पेट्रोल गटारात ओतायचं नाही, झाकणबंद पत्र्याच्या डब्यात ठेवायचं.

हे काम मे महिन्यात, पावसाआधी सुचवा. तेव्हा गिऱ्हाईक ऐकतं.