शेंडा खुडल्यावर

टाकीत माजलेल्या हायड्रिलाचा शेंडा कात्रीने उडवा आणि दिवा चालू ठेवून जरा थांबा. कापलेल्या टोकातून बारीक बुडबुड्यांची माळ वर चढू लागेल. शाळेत उलट्या नरसाळ्याखाली जमवायचो, तोच हा ऑक्सिजन! या खोडात हवेच्या पोकळ्या असतात. उजेडात पानांनी बनवलेला वायू तिथे साठतो, काप बसला की त्याला वाट मिळते.

खरी नवलाई त्यानंतरची. शेंडा गेला की बाजूने फुटवे येतात, हे हरभरा खुडून त्याची भाजी करणाऱ्यांना सांगायला नको. पण खालच्या डोळ्यांना शेंडा गेल्याची खबर लागते कशी? शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खोडातून खाली उतरतं आणि पेरांवरचे डोळे दबून राहतात. थिमन आणि स्कूग यांनी १९३०च्या दशकात शेंडा कापून तिथे ऑक्झिन लावलं, तर डोळे दबलेलेच राहिले. प्रश्न सुटला असं वाटलं. मग २०१४मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगात दिसलं, की ऑक्झिन ओसरल्याचा परिणाम खालपर्यंत पोचण्याआधीच तिथले डोळे हलू लागतात. त्यांना उठवते ती साखर! वाढता शेंडा ती ओढून घेत असतो. तो गेला की ती डोळ्यांकडे वळते. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात हे कुणालाही पटावं.

आणि खुडलेला शेंडा? त्याच्यात ऑक्झिन बनतच राहतं, पण खाली जायला वाट नाही. ते कापाशी साचतं आणि तिथे मुळं फुटतात. वर डोळे दाबणारं रसायन इथे मुळं काढतं. म्हणून काप पेराच्या जरा खाली घ्यावा, खालची पानं काढून शेंडा वाळूत खोचावा. कात्री धारदार हवी, चेचलेलं खोड सडतं. एकदम सगळं भुंडं करू नये, नाहीतर पाण्यातलं खत शेवाळाच्या वाट्याला जातं.

कंदवाल्या झाडांना मात्र हा नियम लावू नका. मेढ्याच्या दक्षिणेला वेण्णेच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या कास पठारावर पावसाळ्यात वायतुरा उगवतो. अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव, सातारकरांनी मिरवावं असं. त्याच्या फुलोऱ्याला दोन फाटे असतात. पाणी आटलं की पानं जिरतात, कंद मातीत राहतो; त्याची छाटणी दरवर्षी उन्हाळाच करतो. (कास २०१२पासून जागतिक वारशात आहे, तिथलं काही उपटून टाकीत लावायचं नाही.) याच कुळातली परदेशी भावंडं मात्र दुकानात मिळतात. त्यांची पिवळी पडलेली पानं देठासकट बुडातून काढावीत, कंदावरच्या कोंबाला कात्री लावू नये. कधीतरी त्यांची सगळी पानं झडतात. घाबरून पुष्कळजण तेव्हाच कंद फेकून देतात, आणि तो तर नुसता विसावा घेत असतो.