विद्यार्थी आणि औषधशाळा : सहप्रकल्प कसा असावा?

सुश्रुताचार्यांनी ‘योग्यासूत्रीय’ हा स्वतंत्र अध्याय योजून शिष्याकडून कोहळा, दुध्या यांवर छेदनकर्माचा सराव करून घेण्यास सांगितले. शास्त्र कितीही मुखोद्गत असले, तरी योग्या न केलेला शिष्य कर्मास अयोग्यच, ही त्यामागील दृष्टी. औषधनिर्माणासही ती तितकीच लागू पडते.

कल्क १, स्नेह ४, द्रव १६ हे प्रमाण बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यास पाठ असते; परंतु महाविद्यालयात तो तेल सिद्ध करतो ते अल्प प्रमाणात. औषधशाळेतील मोठ्या कढईत कल्क तळाशी बसून करपतो. अग्नी शांत केल्यावरही पात्रातील उष्णतेने पाक पुढे सरकतो आणि मध्यमपाकाचा खरपाक होतो. शार्ङ्गधरांनी नस्यास मृदुपाक, तर अभ्यंगास खरपाक सांगितला असल्याने हा फरक गौण नव्हे. आच केव्हा मंद करावी, हे अनुभवी कारागीर जाणतो. मात्र त्याचे ज्ञान बहुधा कागदावर उतरत नाही. सलग काही बॅचचे तापमान, लागलेला वेळ, वर्ती व फेन ही सिद्धिलक्षणे आणि तयार तेलाचे अम्लमूल्य यांची विद्यार्थ्यांनी एकत्र नोंद करणे, हा उत्तम प्रकल्प होय. सन २००० मध्ये अधिसूचित झालेल्या अनुसूची ‘टी’ने बॅचच्या नोंदी आवश्यक केल्या आहेत, त्यामुळे औषधशाळेसही त्याचा प्रत्यक्ष लाभ होतो.

दुसरा विषय कच्च्या द्रव्यांचा. बंगल्यांपुढे उंच वाढणारा, ‘अशोक’ म्हणून ओळखला जाणारा वृक्ष खरा अशोक नव्हे; तरीही त्याची साल अशोकसालीत भेसळ म्हणून येते. अशी साल वापरून केलेले अशोकारिष्ट रुग्णेला देणाऱ्या वैद्याचा शास्त्रावरील विश्वासही अकारण डळमळतो. येणाऱ्या प्रत्येक मालाची प्रमाणित नमुन्याशी तुलना व सूक्ष्मदर्शक परीक्षा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करू शकतात.

मात्र प्रतिकूल निष्कर्ष आल्यास काय करावयाचे, हे आरंभीच लेखी ठरले पाहिजे. औषधशाळेचे नाव व गुप्त पाठ जपावेत. संशयित माल बाजूला ठेवून पुन्हा तपासावा. विद्यार्थ्याच्या अहवालातील आकडे मात्र बदलू नयेत. केवळ अनुकूल अहवालच स्वीकारले जात असतील, तर विद्यार्थी औषधनिर्माण न शिकता जाहिरात शिकेल. औषधशाळाचालकांनी महाविद्यालयाकडे जाताना आपली सर्वांत अडचणीची बॅच सोबत न्यावी.