कानातल्या वायरीचे दुखणे

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात ‘कानातले’ या शब्दाचे हल्ली दोन अर्थ झाले आहेत. आईच्या मते कानातले म्हणजे कुड्या. माझ्या मते इयरफोन. प्रस्तुत लेख दुसऱ्या अर्थाविषयी आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी, विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा या विषयावर मी काय लिहिणार, असे आमच्या प्राध्यापकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण एका वायरीने मला दोन महिने असे काही फसवले की, नाइलाजाने हा विषय शिकावा लागला. जे शिकले ते सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न.

आधी प्रसंग सांगते. माझे आजोळ उरण तालुक्यात. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून नेरुळहून आजीकडे जाणे सोपे झाले आहे. आजी धवले गाते. आगरी लग्नात धवलारीण गाणी म्हणत विधी पार पाडते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी दिवाळीच्या सुट्टीत आजीचे चौदा धवले फोनवर ध्वनिमुद्रित केले. दोन दुपारी लागल्या. तिला दम लागत होता, मधेमधे पाणी पीत होती, पण तिने चौदाही पूर्ण केले. घरी येऊन ते लिहून काढायचे होते.

त्यासाठी शिकवणीच्या पैशांतून मी नवी वायर घेतली होती, सुमारे दीड हजारांची. नुसती वायर दीड हजारांची, हे ऐकून वडील गप्पच बसले. (ते रिक्षा चालवतात, दीड हजार म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक आहे.) ही वायर साधी नव्हती. तिच्यात इक्वलायझर होता.

इथे थोडे थांबून ही वस्तू म्हणजे काय ते पाहू. पूर्वी फोनला इयरफोनसाठी गोल भोक असे. फोनमधील गाणे आकड्यांच्या रूपात असते. सीडीच्या पद्धतीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजून तिचा आकडा लिहिलेला असतो. या आकड्यांचे पुन्हा विजेच्या लाटेत रूपांतर करणारा भाग, आणि त्या लाटेला जोर देणारा भाग, हे दोन्ही फोनच्या पोटात असत. गोल भोकातून तयार लाट बाहेर येई. २०१६ साली अ‍ॅपलने आयफोन ७ मधून ते भोक काढून टाकले आणि मग इतरांनीही हळूहळू तोच मार्ग धरला. आता चार्जिंगच्या टाइप-सी भोकातून आकडेच बाहेर येतात. त्यांची लाट करण्याचे काम वायरीच्या टोकाशी असलेल्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान डबीतील चिप करते. माझ्यासारख्या वायरीत ही चिप आणखी एक काम करते. लाट करण्याआधी ती आकड्यांवर गणित करते, म्हणजे काही सूर वाढवते, काही उतरवते. हाच इक्वलायझर.

या शब्दाचा जन्म टेलिफोनच्या तारांत झाला आहे. लांबच्या तारेतून बोलणे जाताना त्यातले उंच सूर खालच्या सुरांपेक्षा जास्त क्षीण होत. ते पुन्हा वाढवून पहिल्यासारखे ‘समान’ करणारे यंत्र म्हणजे इक्वलायझर. मोडलेले जुळवणे हे त्याचे मूळ काम. पुढे ते टेपरेकॉर्डरवर सरकत्या बटणांची रांग होऊन आले आणि ज्याने त्याने ती बटणे वर ढकलून घरचे तावदान थरथरवले, ती गोष्ट वेगळी.

कानात खोल बसणाऱ्या इयरफोनला जुळवणीची गरज का पडते? आपल्या कानाची नळी अडीचेक सेंटीमीटर लांब असते, आणि बासरीच्या नळीसारखी तीही एका विशिष्ट सुराला साथ देते. तो सूर साधारण सेकंदाला ३,००० कंपनांच्या आसपासचा. म्हणजे निसर्गतःच आपल्याला त्या भागातला आवाज मोठा ऐकू येतो. इयरफोनने नळी बुजवली की ही नैसर्गिक साथ बिघडते. म्हणून इयरफोन करणारे तेवढा उंचवटा इयरफोनमध्येच घालतात. कोणी कमी घालतो, कोणी जास्त. उरलेली कसर इक्वलायझरने भरून काढायची, अशी कल्पना. त्यासाठी फोनवरच्या अ‍ॅपमधून तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणता सूर, किती डेसिबलने, आणि आजूबाजूचे किती सूर बरोबर घ्यायचे. या जुळवणीला प्रीसेट म्हणतात. प्रीसेट फोनमध्ये नव्हे, तर वायरीच्या चिपमध्येच साठून राहतो. वाचकांनी हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. मी ठेवले नव्हते.

तर मी आजीचा पहिला धवला लावला आणि हबकले. आजीचा आवाज वर चढला की फाटत होता, जुना कागद फाडावा तसा. शिवाय ओळीओळीला पहिले अक्षर गायब! धवला लिहून घेणाऱ्याला हे किती जाचक असते ते सांगायला नको. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो; आधीच कान ताणून ऐकावे लागते. त्यात ‘हलद’मधला ‘ह’ गेला की नुसते ‘लद’ उरते, ‘नवरी’ची ‘वरी’ होते.

मी माझ्या परीने तपास केला. पहिली शंका अशी की आवाज फार मोठा ठेवल्यामुळे फाटत असेल. निम्मा केला. तरी तसेच. दुसरी शंका फोनवर. वायर काढून मैत्रिणीच्या फोनला लावली, फाइल तिकडे पाठवली. तरी तसेच. फोन बदलूनही दोष राहतो, आवाज कमी करूनही राहतो, म्हणजे तो ध्वनिमुद्रणातच आहे, असा मी निष्कर्ष काढला. तर्कशास्त्राच्या तासाला याला पूर्ण गुण मिळाले असते. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर तोच धवला बरा वाजत होता हे मला दिसत होते. पण त्या पत्र्यासारख्या स्पीकरला काय कळणार, दीड हजारांची वायरच खरे सांगणार, असे मी धरून चालले.

आजीला फोन केला, पुन्हा गाशील का म्हणून विचारले. ती म्हणाली, “पोरी, मी नीट गायले, तुझे कानानच कायतरी झायलंय.” मी मनात हसले.

मग एका अ‍ॅपमधून मी सगळे धवले ‘स्वच्छ’ करून घेतले. अशा अ‍ॅपला बोलण्याचा आवाज हवा असतो. बाकीचे सारे त्याला गोंगाट. त्याने आजीचा श्वास काढून टाकला, आणि तिच्यामागे हलक्या आवाजात ओळ धरणाऱ्या शेजारच्या दोन बायकाही काढून टाकल्या. फाटणे मात्र जसेच्या तसे! फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून मूळ फाइली पुसायला घेतल्या होत्या. त्याच दिवशी मराठीच्या आमच्या मॅडमनी विभागातल्या संगणकाला साधे स्पीकर जोडून त्यातली एक फाइल लावली आणि म्हणाल्या, “कुठे फाटतंय ग?” खरेच, कुठेही फाटत नव्हते.

आता उलगडा. वायर विकत घेतल्यावर वर्गातल्या एका मित्राने मला त्याचा प्रीसेट दिला होता. ३,०००च्या आसपास आठ डेसिबल वाढ. त्याचे इयरफोन मंद होते, त्याला ते शोभत होते; माझ्या इयरफोनमध्ये तो उंचवटा आधीच पुरेसा होता. दुसऱ्याचा चष्मा घालून वाचल्यासारखेच हे झाले. पण खरी गोम पुढे आहे. सहा डेसिबलची वाढ म्हणजे आकडा दुप्पट. आठ डेसिबल म्हणजे सुमारे अडीच पट. सोळा बिटांच्या पद्धतीत सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. त्यापलीकडे पाटीवर जागाच नाही. आजीची तार सप्तकातली मोकळ्या गळ्याची हाक आधीच २०,०००वर पोचली असेल, तर अडीच पटीने ५०,००० व्हायला हवे. ते मावत नाही, म्हणून ३२,७६७च्या वरचा भाग सपाट कापला जातो. डोंगराचा माथा कापून मैदान केल्यासारखी लाट होते, आणि कानाला ते फाटल्यासारखे ऐकू येते. उपाय सोपा आहे : जितके डेसिबल कुठेही वाढवले असतील, तितकेच आधी सगळ्या आवाजातून कमी करायचे. अ‍ॅपमध्ये त्यासाठी ‘प्रीअ‍ॅम्प’ नावाचा वेगळा आकडा असतो. माझा शून्य होता, तो उणे आठ हवा होता. आवाज थोडा लहान होतो, तो बटणाने मोठा करता येतो.

मग आवाज निम्मा केल्यावर फाटणे का गेले नाही? कारण माझ्या वायरीत आवाजाचा नळ या गणिताच्या नंतर बसवलेला आहे. माथा आधी कापला जातो, मग सगळा डोंगर लहान होतो. काही वायरींत नळ आधी असतो. तिथे आवाज कमी करताच फाटणे थांबते. आणि मैत्रिणीच्या फोनवरही दोष का आला? कारण प्रीसेट वायरीतच होता. मी फोन बदलत होते आणि रोगी बरोबर घेऊन फिरत होते.

पहिल्या अक्षराचे कारण निराळे निघाले. बॅटरी वाचवण्यासाठी अशा काही चिप आवाज थांबला की झोपतात आणि पुन्हा सुरू झाला की जागे व्हायला त्यांना क्षणभर लागतो. गाणे सलग ऐकणाऱ्याला हे जाणवतही नाही. पण लिहून घेणारा माणूस दर ओळीला थांबवतो, लिहितो, पुन्हा सुरू करतो. आणि दर वेळी पहिले अक्षर त्या झोपेत जाते. यावर मला सापडलेला इलाज एवढाच की, दोन सेकंद मागे जाऊन सुरू करावे.

ही वायर वापरणारे आपल्या कॉलेजात आता बरेच आहेत, म्हणून आणखी काही दुखणी सांगते. काहीच वाजत नसतानाही सूं सूं ऐकू येत असेल आणि आवाजाचे बटण वरखाली करून ते बदलत नसेल, तर तो चिपमधल्या जोर देणाऱ्या भागाचा स्वतःचा आवाज. इयरफोन जितके हलक्या विजेवर चालणारे, तितका तो जास्त ऐकू येतो. चार्जिंग चालू असतानाच गुणगुण येत असेल तर चार्जर काढून पाहावा. वायर हलवली की खरखर होत असेल, तर बहुधा खिशातला कापूस फोनच्या भोकात साठलेला असतो. फोन बंद करून लाकडी काडीने अलगद काढावा. खालचा सूर, म्हणजे तबल्याचा डग्गा, नाहीसा झाला असेल तर प्रीसेट छेडण्याआधी रबरी टोपी कानात नीट बसली आहे का ते पाहावे. फट राहिली की डग्गा तिथून निसटतो, आणि दहा डेसिबल वाढवून तो परत येत नाही.

एका मैत्रिणीची तक्रार तर मजेशीर होती. गायिकेचा आवाज डोक्याच्या मधोमध न येता दोन्ही बाजूंना पसरून पोकळ येतो, म्हणाली. तिच्या वायरीच्या टोकाला दोन बारीक पिना होत्या, आणि एका बाजूची पिन उलटी बसली होती. त्यामुळे एका कानात पडदा पुढे जाई, तेव्हा दुसऱ्यात मागे. उलटून घातल्यावर गायिका जागेवर आली.

एकाच बाजूला आवाज कमी येत असेल, तर घाईने दुकानात जाऊ नये. वायर तशीच ठेवून फक्त इयरफोनचे दोन गोळे आपसात बदलावेत. दोष गोळ्याबरोबर सरकला तर गोळा दोषी. पुष्कळदा जाळीत कानाचा मळ अडकलेला असतो. नाही सरकला तर मग इयरफोन उलटे, डावा उजव्या कानात, असे घालून पाहावेत. आता दोष दुसऱ्या कानात गेला तर वायर, फोन किंवा गाणे. आणि तरीही त्याच कानात राहिला तर दोष आपल्या कानाचा. तेव्हा इयरफोनचे दुकान सोडून डॉक्टरांकडे जावे. हे विनोदाने लिहिलेले नाही. हार्बरच्या डब्यात खडखडाटावर मात करण्यासाठी आपण आवाज किती चढवतो ते घरी शांत खोलीत, बटण न हलवता, एकदा ऐकून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. प्रीसेटने वाढवलेले आठ डेसिबलही कानाच्या खात्यात जमा होतातच.

वायर वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. प्रीसेट पुसून, प्रीअ‍ॅम्प लावून, आज मी तीच वापरते आणि आजीच्या मागच्या त्या दोन बायका आता वेगवेगळ्या ओळखू येतात. मला राग येतो तो एवढ्याचाच की, डबीवर ‘स्टुडिओसारखा आवाज’ असे मोठ्या अक्षरांत असते आणि उणे आठचे कुठेच नसते.

पावसाळ्यानंतर आजीचा दमा वाढला. ती आता गात नाही, एखादी ओळ गुणगुणते. मूळ चौदा फाइली मी फोनवर, विभागातल्या संगणकावर आणि मामाच्या पेनड्राइव्हवर अशा तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. ‘स्वच्छ’ केलेल्या पुसून टाकल्या. मागच्या रविवारी आजीच्या कानात इयरफोन घालून तिलाच तिचा धवला ऐकवला. रबरी टोपी तिला टोचत होती, तरी शेवटपर्यंत काढली नाही. दहा धवले लिहून झाले आहेत, चार राहिले आहेत. त्यातल्या एकात दोन शब्द मला कळत नाहीत, आणि या वेळी तो दोष वायरीचा नाही. ते तिलाच विचारायचे आहेत.