पाठांतर नव्हे, वक्तृत्व

वक्तृत्वस्पर्धा जवळ आली की भाषण लिहितात गुरुजी, पाठ करतो विद्यार्थी आणि टाळ्या मिळतात स्मरणशक्तीला! यास वक्तृत्व म्हणण्यास आम्ही तयार नाही. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यास उभे राहताच बॅरिस्टर गांधींची वाचा बसली होती. १८९३ साली प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांपुढे मात्र ते नीट बोलले. कारण विषय त्यांनी स्वतः अभ्यासिला होता. पुढे १९२४ मध्ये आपल्या बेळगावी ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. म्हणून आम्हांस वाटते, मुलांनी आधी गल्लीतील नळाचा प्रश्न पाहावा, पाच जणांचे ऐकावे, मग तीन मिनिटे स्वतःच्या शब्दांत बोलावे. अडखळली तरी चालेल. ऐकून घेणारा आणि बोललेले निभावणारा विद्यार्थीच उद्या चारचौघांना बरोबर नेईल.