पोलिश विशेषण शेवटाकडून मोजावं

'नव्वद वर्षांचा' हे सांगायला पोलिशमध्ये एकच विशेषण आहे, आणि ते रोमन लिपीत लिहायला २३ अक्षरं लागतात. नवखा माणूस ते डावीकडून वाचू लागतो आणि अर्ध्यात अडखळतो. खरं तर या भाषेत आघाताची शिस्त पक्की आहे. मोजायचं कुठून एवढंच कळायला हवं.

आधी स्वर पाहू. जितके स्वर उच्चारले जातात तितकेच उच्चारखंड. या शब्दात स्वरांची अक्षरं १२ आहेत, खंड मात्र ७: जे-व्येंच-जे-शें-चो-लेत-नी. उरलेली पाच अक्षरं म्हणजे पाच 'इ'. व्यंजन आणि स्वर यांच्यामध्ये सापडलेला 'इ' अस्सल पोलिश शब्दांत वेगळा खंड धरत नाही. आधीच्या व्यंजनाला मऊ, तालव्य करणं हे त्याचं काम. शब्दाच्या टोकाचा 'इ' मात्र पुरा स्वर, कारण त्याच्यापुढे दुसरा स्वर नाही.

आता उलटं मोजा. मुख्य आघात शेवटून दुसऱ्या खंडावर, म्हणजे 'लेत'वर. पहिल्या खंडावर हलकासा दुय्यम आघात पडतो. बाकीचे स्वर गिळायचे नाहीत. रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' 'अ'कडे झुकतो; पोलिशमध्ये 'चो'तला 'ओ' शाबूत राहतो.

विभक्ती लागली की गंमत दिसते. 'नव्वद वर्षांच्या माणसाचा' असं म्हणताना विशेषणाचं शेपूट 'लेत-न्ये-गो' होतं. खंड आठ झाले, म्हणून आघात 'लेत' सोडून 'न्ये'वर सरकला. तृतीयेत 'लेत-नीम' होतं. तिथे खंड वाढत नाही, म्हणून आघातही हलत नाही. तो मूळ शब्दाला चिकटलेला नसतो, शेवटापासूनच्या अंतराला बांधलेला असतो. प्रत्येक रूपात तो नव्याने मोजावा लागतो, आणि हीच सवय सर्वांत आधी लावून घ्यावी.

व्यंजनांच्या गर्दीला घाबरायचं कारण नाही. 'निर्दय' या अर्थाच्या 'बेझ-व्झ्ग्लेंद-नि'मध्ये ११ अक्षरं, पण खंड तीनच, आघात मधल्यावर. 'बेझ' हा उपसर्ग असल्याने तोड त्याच्यानंतर. 'बिस्त्रि' म्हणजे चलाख. हा शब्द ओळीच्या शेवटी बि-स्त्रि, बिस-त्रि किंवा बिस्त-रि असा कुठेही तोडलेला चालतो. आघात मात्र पहिल्याच खंडावर, कारण व्यंजनं कुठे तुटतात याच्याशी त्याचा संबंध नाही.

'उ'कडे मात्र लक्ष हवं. 'युरोपीय' या अर्थाच्या 'एउ-रो-पेय-स्की'मध्ये 'एउ' मिळून एक खंड. 'वैज्ञानिक' या अर्थाच्या 'ना-उ-को-वि'मध्ये 'ना' आणि 'उ' वेगळे, कारण 'ना' मुळात उपसर्ग. दोन्हींत आघात शेवटून दुसऱ्यावरच: 'पेय' आणि 'को'.

नियम मोडतात ती बहुधा परकी नामं आणि क्रियापदांची काही रूपं. संगीताला म्हणतात 'मु-झि-का'. प्रमाण उच्चारात आघात 'मु'वर, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर. त्याचंच विशेषण 'मु-झिच-नि' झालं की आघात मुकाट्याने 'झिच'वर येतो.