मेहकरची शीळ आणि दरीतली हाक

मेहकर म्हटलं की आपल्याला आठवतो शारंगधर बालाजी. पण मराठी गाण्याच्या इतिहासातही मेहकरचं नाव आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? कवी ना. घ. देशपांडे मेहकरचे. वकिली सांभाळून कविता लिहिणारे. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची रेकॉर्ड निघाली.

तोवर मराठी रेकॉर्ड म्हणजे मुख्यतः नाटकातली पदं. ताना जोरदार, शब्द मात्र मागे राहायचे. ‘शीळ’मध्ये रानातून येणारी शीळ ऐकणाऱ्या एका मुलीच्या मनातलं गूज होतं. नाटक नाही, देवाचं भजन नाही, नुसती मनाची गोष्ट. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तेवढ्यात लोकांना कळलं की गाणं असंही असतं! मराठी भावगीताची सुरुवात याच रेकॉर्डपासून झाली, असं मानलं जातं.

पुढे हेच जोशी एचएमव्ही कंपनीत रेकॉर्डिंगचं काम पाहू लागले. १९६७ साली त्यांनी एक आगळा अल्बम काढला, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. म्हणजे दरीतली हाक. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. सोबत तबला. गाणारं कुणीच नाही, शब्द एकही नाही. तरी त्यात गोष्ट आहे. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. पहाटेचा अहिरभैरव, मग नटभैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. दिवस उगवतो, चढतो, कलतो.

रागदारी म्हणजे मोठ्या लोकांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळणार, असं आपण बायका सहज म्हणून टाकतो. आमच्या बचत गटाच्या एका बैठकीनंतर मी हा अल्बम मोबाईलवर लावला. रागाचं नाव मुद्दामच सांगितलं नाही. थोड्या वेळाने एक जण म्हणाली, “ताई, हे तं सडा-सारवणाच्या वक्ताचं वाटते.” अहिरभैरव पहाटेचाच राग! तिला राग माहीत नव्हता, पहाट माहीत होती. रोज सगळ्यांच्या आधी उठणारीला ती कुणी शिकवावी लागत नाही.

मैत्रिणींनो, अडचण समज नसण्याची नाहीच मुळी. अडचण आहे ती वेळेची. आपण गाणं ऐकतो ते भाकरी थापताना, भांडी घासताना. कुकरची शिट्टी झाली की अर्धं गाणं गेलं. घरातले पुरुष दोन तास क्रिकेटची मॅच बघतात, ते कुणाला खटकत नाही. बाई मात्र हात रिकामे ठेवून गाणं ऐकत बसली, की “आज काही काम नाही वाटतं?” आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न आपण स्वतःलाच आधी विचारतो.

सुटं गाणं कामासोबत चालून जातं. असा अल्बम मात्र क्रमाने, सलग ऐकावा लागतो. मधूनच ऐकलं तर मेंढपाळाची दुपारच तेवढी कानी पडते. पहिल्या सुरापासून बसलं, की शेवटची पहाडी वेगळीच वाटते, कारण आपण त्याच्याबरोबर सकाळपासून चाललेल्या असतो. संगीत नुसतं कानावर पडू देणं आणि संगीत ऐकणं यातला फरक तिथे समजतो.

जुन्या तबकड्या आता कपाटात गेल्या, पण हा अल्बम मोबाईलवर सहज सापडतो. लागतात फक्त चाळीसेक मिनिटं. दुपारी घर शांत असताना दार लोटून घ्या, निवडायची मेथी बाजूला ठेवा. भाजी थोडी उशिरा झाली तरी चालेल.