पडद्यावरचा अनोळखी ठिपका

सोलापूरच्या भवानी पेठेतील एखाद्या गच्चीवर तुम्ही उभे आहात अशी कल्पना करा. आकाशात खूप उंचावरून एक विमान चालले आहे. ते कोणते, कुठून आले, कुठे निघाले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मग जमिनीवरच्या नियंत्रकाला ते कसे कळते? आणि विमानाचे अपहरण झाले, आतल्या माणसांनी उत्तर देणेच बंद केले, तर त्याचा मार्ग कसा शोधायचा?

आपल्या गच्चीवर एक रडार बसवू या. रडार रेडिओ लहरींचा छोटा स्पंद सोडते. विमानावर आपटून त्याचा काही अंश परत येतो. डोंगरापुढे हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसाच हा प्रकार. रेडिओ लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात, म्हणजे एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर. हा प्रवास जाण्यायेण्याचा असल्याने दर मायक्रोसेकंदाला अंतर धरायचे १५० मीटर.

समजा, बरोबर पूर्वेकडून २४० मायक्रोसेकंदांनी प्रतिध्वनी आला. विमान ३६ किलोमीटरवर आहे. एका मिनिटाने प्रतिध्वनीला २६० मायक्रोसेकंद लागले आणि दिशा पूर्वेकडून उत्तरेला सुमारे २२.६ अंश सरकली, म्हणजे साधारण नळदुर्गच्या बाजूला. आता अंतर ३९ किलोमीटर. आलेख कागदावर दोन्ही बिंदू मांडा. ३६, १५ आणि ३९ अशा बाजूंचा काटकोन त्रिकोण मिळेल. विमान एका मिनिटात १५ किलोमीटर उत्तरेला गेले. त्याचा वेग झाला ताशी ९०० किलोमीटर. दोन नोंदींवरून आपल्याला दिशाही मिळाली आणि वेगही मिळाला!

पण या साध्या, म्हणजे प्राथमिक, रडारला दोन गोष्टी कळत नाहीत: विमानाचे नाव आणि त्याची उंची. त्यासाठी दुय्यम रडार असते. ते १०३० मेगाहर्ट्‌झवर प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्सपॉन्डर नावाचे यंत्र १०९० मेगाहर्ट्‌झवर आपला चार अंकी संकेत व उंची कळवते. प्रत्येक अंक ० ते ७ यांपैकी असतो; म्हणून एकूण संकेत ८ × ८ × ८ × ८ = ४०९६. त्यांतील ७५०० हा संकेत अपहरणासाठी राखून ठेवलेला आहे.

उंची न कळण्याची किंमत आपल्या देशानेही मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकांपुढे फक्त प्राथमिक रडार होते. एक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले आहे, हे त्यांना पडद्यावर दिसणे शक्यच नव्हते.

आता ११ सप्टेंबर २००१ या दिवसाकडे वळू. अमेरिकेत चार विमानांचे अपहरण झाले. त्यांतील 'अमेरिकन ७७' हे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावरून सकाळी ८.२० ला लॉस एंजेलिसकडे निघाले. ८.५४ ला ते मार्ग सोडून वळू लागले आणि ८.५६ ला त्याचा ट्रान्सपॉन्डर बंद झाला. नियंत्रकाच्या पडद्यावरून विमान नाहीसे झाले. त्याने पश्चिमेला व नैर्ऋत्येला शोधले. पण विमान पूर्वेकडे, राजधानीच्या रोखाने फिरले होते. ३६ मिनिटे ते कोणाच्याही लक्षात न येता उडत राहिले. ९.३२ ला डलेसच्या नियंत्रकांना वेगाने येणारा एक अनोळखी ठिपका दिसला. ९.३७ ला विमान पेंटागॉनवर आदळले. इमारतीतील १२५ आणि विमानातील ६४ जण ठार झाले.

पुढे तपासकांनी रडारच्या साठवलेल्या नोंदी काढल्या, तेव्हा काय आढळले? ट्रान्सपॉन्डर बंद झाल्या क्षणापासून प्राथमिक रडार त्या विमानाचा माग ठेवतच होते! मात्र संगणक माहिती ज्या रीतीने निवडत होता तिच्यामुळे, आणि त्या भागात प्राथमिक रडारची व्याप्ती अपुरी असल्यामुळे, ८ मिनिटे १३ सेकंद तो ठिपका नियंत्रकाच्या पडद्यावर आलाच नाही. जेव्हा आला, तेव्हा त्या दिशेला कोणी पाहत नव्हते.

असा मार्ग पुन्हा जुळवणे हे चिकाटीचे काम आहे. लांब पल्ल्याचे रडार सुमारे १२ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. तेवढ्यात विमान ३ किलोमीटर पुढे गेलेले असते. पक्षी, ढग, डोंगर यांचेही प्रतिध्वनी येतात. त्यांतून विमानाच्या वेगाला साजेशी ठिपक्यांची ओळ निवडावी लागते. निरनिराळ्या रडारांची घड्याळे एकमेकांशी जुळवावी लागतात. शिवाय रडार तिरके अंतर मोजते: तिरके अंतर ३६ आणि उंची १० किलोमीटर असेल, तर जमिनीवरचे अंतर ३४.६ किलोमीटरच भरते.

ठिपका दिसेनासा होणे हीदेखील एक माहितीच असते. पृथ्वी गोल असल्यामुळे १०,००० मीटर उंचीवरचे विमान सुमारे ४१० किलोमीटरवरून दिसू शकते, पण ६०० मीटरवरचे फक्त १०० किलोमीटरपर्यंत. म्हणून ठिपका कुठे बुडाला यावरून विमान किती खाली आले असेल याचा अंदाज बांधता येतो.

न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर आदळलेल्या दोन विमानांचे ब्लॅक बॉक्स सापडलेच नाहीत. त्यांचा मार्ग आज आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः अशा नोंदींमुळे. गेलेली माणसे त्यामुळे परत येत नाहीत. पण यंत्राला दिसलेले माणसापर्यंत का पोहोचले नाही, हे कळल्याशिवाय पुढची चूक टळत नाही.

आता एक काम तुमच्यासाठी. आपल्या गच्चीवरच्या रडारने दुसऱ्या मिनिटाअखेर ३१२ मायक्रोसेकंद आणि पूर्वेपासून उत्तरेकडे ४० अंश अशी नोंद केली. विमान सरळच चालले आहे की वळले? कोनमापक आणि पट्टी घ्या, तिसरा बिंदू मांडा आणि उत्तर आपल्या शिक्षकांना दाखवा.